चांदीच्या पाण्याचा आकडा

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आम्ही मस्कतला, दार्सैतमध्ये राहायचो. मी रुसैलच्या एका कारखान्यात पाणी तपासायच्या लॅबमध्ये होते, नवरा एसी दुरुस्तीच्या कामावर. मुलीचा खोकला काही केल्या जात नव्हता. औषधाची बाटली संपली की पुन्हा सुरू.

चांदीचं पाणी प्यायल्याने जुना खोकला जातो, असं नवऱ्याने इंटरनेटवर वाचलं. रुवीतल्या सोनाराकडून चांदीची तार आणली, गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, आणि चौकोनी बॅटऱ्या जोडून ग्लासात दोन तारा सोडल्या. पाणी किंचित पिवळसर झाल्यावर त्यात पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर बुडवला.

"बारा आलं!" तो म्हणाला. "नेटवर सांगितलं होतं तेवढंच. आता देऊया तिला."

"हा मीटर चांदी मोजत नाही," मी म्हटलं. "पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून अंदाज सांगतो. चांदीचे कण त्याला कळतच नाहीत. चिमूटभर मीठ टाक, तरी आकडा चढेल."

"मग तू मोज. नीट मोजल्याशिवाय नाही देणार."

साहेबांना विचारून मी त्याने तीन वेळा केलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या लॅबमध्ये नेल्या. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवून धातू मोजायच्या मशीनवर लावली. करायची रीत एकच, पण तिन्ही आकडे वेगळे. एकीत तर मीटरने दाखवलं त्याच्या दुप्पट.

"मग पाणी घालून सारखं करता येईल ना?" त्याने विचारलं.

"येईल. पण द्यायचं किती, हे कोण सांगणार? याने खोकला बरा होतो असं मला कुठेच सापडलं नाही. चांदी अंगात साठली तर कातडी करडी पडते, ती पुन्हा उजळत नाही."

त्याने हातातल्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाला, "डॉक्टर पाच मिनिटांत बाहेर काढतात. घरी आलं की ही खोकत असते आणि मी नुसता ऐकत बसतो. काहीतरी करायला नको का?"

इतके दिवस मी त्याच्या मीटरची चूक शोधत होते. हे मला दिसलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दमा सांगितला, इनहेलर दिला. तो कसा ओढायचा हे नवऱ्याने डॉक्टरांना तिथेच दोनदा करून दाखवायला लावलं. खोकला पूर्ण गेला नाही, धुळीच्या दिवसांत अजून उठायचा. पण त्या हिवाळ्यात ती मत्रहच्या समुद्रकाठी धावली, आणि दमला तो तिचा बाबा.