बंद सर्व्हरनं दाखवलेली यादी

मी नेटवर्कवाला माणूस. केबल लावली की चालतं, काढली की बंद... यापलीकडे माझी श्रद्धा नाही. करणी-भानामतीचा विषय कोणी काढला की मी त्याला आधी वायर तपासायला सांगायचो. तरी हे लिहितोय.

जालन्याजवळच्या एका छोट्या बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. अशा कंपनीचा जीव एका यादीत असतो – कोणत्या संकरित वाणाचा नर कोणता, मादी कोणती. ती यादी सर्व्हरवर, आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे. गेल्या वर्षी ती बाहेर फुटली. मालकांनी मला बोलावलं. "दसऱ्यापर्यंत सांग कुणी केलं. न्हाई तर मी तुलाच धरतो."

त्या दिवसांत धीर दिला तो गजूनं. भोकरदनकडचा, माझा सहकारी. त्याला नोकरीला मीच चिकटवलं होतं. "दादा, कायला टेन्शन घेऊन राह्यले? मी हाय ना," म्हणत डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवायचा.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता पूजा. त्या दिवशी आमच्याकडे सगळी मशीनं बंद करून, प्लग काढून हळदकुंकू वाहतात. सर्व्हरलाही झेंडूचा हार. त्याच सकाळी दुकानातून आणलेला कोरा लॅपटॉपही पूजेत होता. पूजा झाल्यावर मी त्याला नेटवर्कची केबल लावली आणि सर्व्हरचं नाव टाकून रोजची कमांड दिली – कोणकोणते फोल्डर शेअर आहेत ते दाखव. एंटर दाबल्यावर लक्षात आलं, अरे, सर्व्हर तर बंद आहे! 'सापडत नाही' एवढंच उत्तर यायला हवं होतं.

यादी आली... बियाणे, हजेरी आणि तिसरा – 'जुने फोटो'. हा फोल्डर मी कधी शेअर केलाच नव्हता; बियाण्यांची यादी याच नावाआडून बाहेर गेली होती तर. समोर शेरा होता: 'गजू, दादाच्या लॉगिनवरून'.

फोल्डर शेअर केला की कोणी, कसा ते शेऱ्यात लिहायचं – ही शिस्त मीच त्याला लावलेली. पठ्ठ्यानं ती चोरीतही पाळली होती!

तेवढ्यात गजू आपट्याची पानं घेऊन आला. "सोनं घ्या, दादा..."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याचा चेहरा उतरला.

"हे... हे तर म्या आठ दिवसांखालीच काढून टाकल्तं!"

"आणि माझं लॉगिन?"

"तुम्ही पासवर्ड टाकताना पाहून ठेवल्ता. तुम्हाला कोन काय म्हनणार, असं वाटलं, दादा."

मी ओरडून मालकांना बोलावलं. ते येईपर्यंत स्क्रीनवरची यादी गेली होती. पुन्हा कमांड दिली तर 'सापडत नाही'. गजू शांतपणे म्हणाला, "मला काई माहीत न्हाई, साहेब. दादा लई टेन्शनमधी हायेत." केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं.

सर्व्हर चालू करून पाहिला. तो फोल्डर नव्हता, त्याची नोंदही नव्हती. नोकरी गेली. आता जुन्या जालन्यात प्रिंटर दुरुस्त करतो.

जाणकार म्हणतात, जुनी माहिती कुठंतरी साठलेली असेल. कोऱ्या लॅपटॉपमध्ये? दुसरं मशीन चालू असेल म्हणावं, तर सगळे प्लग मीच काढले होते. मला तरी अजून उत्तर सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात गजू बसस्टँडवर भेटला. माझ्याच खुर्चीत बसतो आता. "दादा!" म्हणत भर गर्दीत वाकून पाया पडला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुखी राहा." त्याच्यापेक्षा मला त्या दोन शब्दांचाच जास्त राग येतो.