जाईची दाबलेली फांदी

माझ्या साडूंच्या खंडाळ्यापासून आमच्या सांगलीपर्यंतच्या शंभरएक मैलांत त्यांनी न लावलेलं झाड शोधायचं असेल, तर ते फक्त रेल्वेच्या रुळांत सापडेल. आणि तिथलीही मी खात्री देणार नाही. साडू फौजेत हवालदार. रजेवर येत तेव्हा अंगात खाकी कोट असे. त्याला सहा खिसे होते, मी मोजले आहेत. एकात शेवग्याच्या बिया, दुसऱ्यात गोकर्णाच्या शेंगा, तिसऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या. उरलेल्या तिनांत काय आहे ते त्यांनाही सांगता येत नसे. एकदा विश्रामबागेत आमच्या घरी बायकोनं तो कोट झटकून धुतला, तर महिन्याभरात मोरीपाशी भोपळ्याचा वेल चढला. चार भोपळे आले. मागून आणलेलं रोप जगत नाही, चोरलेलंच जगतं, यावर त्यांची श्रद्धा. त्यामुळे ते आले की यजमानाला पाठ फिरवावी लागे. बायको चहा ठेवायला आत जाई आणि तिथूनच विचारी, "दाजी, झालं का? येऊ का भाईर?"

"दोन मिन्टं थांबा! ही फांदी लय चिवट हाय."

बासष्टच्या थंडीत अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, आजारी पडल्या तेव्हा साडू सरहद्दीवर होते. घरी पोचले तोवर तेरावा उरकला होता. पुढे त्यांनी फौज सोडली. दारात अक्कांनी लावलेली जाई होती. दुःखात माणूस झाडांना पाणी घालायचं विसरतो. यांनी रोज चार घागरी घातल्या आणि मुळंच कुजली. त्या जाईची एक फांदी अक्कांनी पूर्वी आम्हाला दिली होती. तिचा वेल आमच्या अंगणात होता, आता तेवढाच उरला.

आषाढात साडू आले. ही फांदी चोरायला मात्र त्यांचा हात होईना. "तिची हाय. मागूनच घेतो," म्हणाले. वेलाची एक लांब फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला. तिला मुळं फुटली की वेलापासून तोडायची; दोन महिने लागतात. पण मागून घेतलेली, म्हणून त्यांच्या जिवाला घोर. दर रविवारी एस.टी.नं येत आणि माती उकरून बघत. चौथ्या रविवारी कोवळं मूळ बोटातच तुटलं.

बायको संतापली. "आवं दाजी, पलटणीची हजेरी हाय व्हय ही? सारखं उकरल्यावर कशी जगंल?"

ते हातावरची माती बघत म्हणाले, "येक डाव न बघता ऱ्हायलो हुतो. पत्रात समदं बरं हाय, समदं बरं हाय, असंच येत हुतं."

बायकोनं स्वतः दुसरी फांदी दाबली आणि दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायचं कबूल केलं. "वाळली तर वाळली म्हणूनच लिवीन, दाजी. खोटं न्हाई लिवायची." मुळं धरेपर्यंत ते एकदाही आले नाहीत. दसऱ्यानंतर येऊन सात पानांचं रोप एस.टी.त मांडीवर घेऊन गेले.

पुढच्या पावसाळ्यात खंडाळ्याहून एक पाकीट आलं. पत्र नव्हतं. आत जाईची अकरा फुलं, पार तपकिरी पडलेली, वास गेलेला. मी टाकून देणार होतो. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, अंबाड्यात माळली आणि दिवसभर काढली नाहीत.