थ्रेडबेअर म्हणजे टिकाऊ

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आज टायपिंगच्या क्लासात उतारा टाइप करत होते, बोटं नुसती सुसाट, आणि मधेच एक शब्द आला. थ्रेडबेअर. बोटं थांबलीच. मास्तर म्हणाले, "काय गं, स्पेलिंग अडलं?" स्पेलिंग कसलं अडतंय!

हा शब्द आमच्या घरात शिरला तेव्हा मी अकरावीत होते, मॅट्रिकच्या वर्षाला. आम्हाला इंग्रजी आठवीपासून, त्यामुळे मुलुंडच्या आमच्या चाळीत इंग्रजी म्हणजे बाबाच. बाबा फोर्टातल्या एका कंपनीत टपाल बघायचे. मागच्या खोलीत बसायचे, तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. त्या वर्षी पुढच्या काउंटरवरची जागा रिकामी होणार होती. काउंटरला पंखा होता, उजेड होता, येणारी माणसं 'मिस्टर' म्हणून हाक मारायची. बाबांना ती जागा इतकी हवी होती की जेवताना ताटासमोर पुटपुटायचे, "येस सर, प्लीज सिट डाउन सर." आई म्हणायची, "बसलेय की. भात वाढू का सर?"

तर एकदा बाबा संध्याकाळी आले ते चेहरा फुलवूनच. चपला काढायच्या आधी सुरू.

"अगं ऐकलंस का, साहेबांनी आज जिन्यात थांबवलं मला. कोटाची बाही अशी चिमटीत धरली, आणि म्हणाले, थ्रेडबेअर!"

"म्हणजे हो काय?"

"थ्रेड म्हणजे धागा. बेअर म्हणजे सहन करणे. आम्ही पत्रात लिहितो ना, खर्च कंपनी बेअर करील. म्हणजे सगळं सहन करणारा धागा. टिकाऊ!"

"मला वाटलं, धागा बरे म्हणाला. साहेब मराठी शिकला की काय!" आई हसली, पण खूश झाली. तो कोट तिनेच जपला होता ना. लग्नातला कोट तो, राखाडी. दुसऱ्या दिवसापासून बाबा उकाड्यातसुद्धा कोट घालून जायला लागले. साहेबांच्या नजरेत भरलाय म्हटल्यावर काय!

आणि मग पुढच्याच आठवड्यात आमच्या इंग्रजीच्या बाईंनी जुन्यापुराण्या वस्तूंची विशेषणं घेतली. शॅबी, टॅटर्ड, लॉपसायडेड. बाई म्हणाल्या, प्रत्येक शब्दाला घरातलं उदाहरण सांगा. मला तर काय, चंगळच! कळकट म्हणजे आमचा स्टोव्ह, फाटकी चटई, एका बाजूला कललेलं कपाट, त्याच्या पायाखाली करवंटीचा तुकडा. मी हात वर करून करून उत्तरं देत होते, वर्ग हसत होता, मीपण हसत होते. मग बाईंनी फळ्यावर लिहिलं, थ्रेडबेअर. मी जागेवरूनच ओरडले, "टिकाऊ!"

बाई म्हणाल्या, "नाही गं. लव झिजून झिजून नुसतं सूत उघडं पडलेलं कापड."

माझ्या पोटात काही राहत नाही. घरी गेले आणि बाबा आल्या आल्या सांगून टाकलं. बाबा कोट काढत होते. एक हात बाहीत, एक बाहेर, तसेच उभे. मग त्यांनी कोट दिव्याकडे धरला. कोपराशी पलीकडचा उजेड दिसत होता. आम्हा तिघांनाही दिसला. इतके दिवस कसा दिसला नव्हता, देवाला माहीत.

"म्हणजे साहेबांनी चांगल्या मनाने सुचवलं होतं," बाबा म्हणाले, "की काउंटरला बसायचं तर हा कोट चालणार नाही."

नवा शिवणं शक्यच नव्हतं. आई कोट घेऊन शिंप्याकडे गेली. शिंपी म्हणाला, "उलटवून देतो वहिनी. आतली बाजू बाहेर. नवाकोरा दिसेल." आणि खरंच, कोट आला तो झकास! आतलं कापड अजून गडद होतं, कोपराला आतून ठिगळ. मुलाखतीच्या सकाळी आईने इस्त्री केली, बाबांनी भांग पाडला, देवाला नमस्कार केला आणि निघाले.

आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नाही हो. कोट उलटवला की डावं उजवं होतं! छातीवरचा खिसा उजवीकडे गेला होता. काजीसुद्धा उजवीकडे, बायकांच्या कपड्यांना असतात तशा.

ऑफिसात काय झालं ते बाबांनी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरचे काका त्याच ऑफिसात, ते गॅलरीत उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते. "अरे, मुलाखतीला उभा, आणि मागून एक जण म्हणतो, काय राव, वहिनींचा कोट घालून आलात? सगळे खो खो! साहेबसुद्धा तोंडावर रुमाल धरून!" आई आत भांडी घासत होती. तिचा हात थांबला, मग जास्तच जोरात चालायला लागला.

जागा एका नव्या पोराला मिळाली, बुशशर्ट घालणाऱ्या. बाबा अजून मागच्याच खोलीत आहेत. पण मला रडू येतं ते त्याचं नाही. गेल्या महिन्यात ते आले आणि दाराशीच उभं राहून विचारलं, "रिलायबल म्हणजे काय गं?"

"भरवशाचा. कोण म्हणालं, साहेब? तुम्हाला?"

"दुसरा काही अर्थ नाही ना?"

"नाही हो बाबा. चांगलाच शब्द आहे."

"डिक्शनरीत बघ."

मी काढून दाखवलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, मग पान उलटून मागेपुढेही बघितलं. "बरं," म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले. चेहरा होता तसाच.

तुमच्या घरी झालंय का हो असं कधी? एखाद्या शब्दाचा खरा अर्थ कळला, आणि त्यानंतर घरातलं माणूस कुठल्याच चांगल्या शब्दाला खूश होईनासं झालं? सांगा ना.