पाहुणेबंगल्यातलं मेज

धारच्या पाहुणेबंगल्यात गणोजी फर्रासाला एकाही पाहुण्यानं कधी पाहिलं नव्हतं. नियमच तसा होता. पाहुण्याचा टांगा फाटकात शिरला की फर्रासानं मागच्या दारानं निघून जायचं. सतरंज्या, पडदे, गाद्या, दिवे सगळं जागच्या जागी हवं. ते लावणारा माणूस तेवढा दिसता कामा नये.

दिवाणखान्यात भिंतीला टेकून एक शिसवी मेज होतं. लांबीला ऐसपैस, रुंदीला हातभरही नाही. वर आरसा. आत येणाऱ्याची नजर आधी तिथंच जाई. म्हणून संस्थानच्या खासगी खात्याकडून चिठ्ठी येई ती या मेजापुरती. चिठ्ठीत एकच शब्द असे. ‘साहेबी’ असला तर दोन टोकांना दोन दिवे, मधोमध घड्याळ, शेजारी काचेच्या फुलदाण्या. डावं-उजवं तंतोतंत सारखं. ‘दरबारी’ असला तर किनखाबी चादर, अत्तरदाणी, गुलाबदाणी, विड्यांचं तबक, सगळं भरगच्च. अमझेऱ्याकडचे ठाकूर यायचे असले की वेलची-सुपारी आणि अफूच्या पाण्यासाठी चांदीची वाटी. ‘साधं’ म्हणजे ब्राह्मण अंमलदार. तांब्या-भांडं, दौत-लेखणी, एका तबकडीत फुलं.

एकोणीसशे तीनच्या प्लेगात गणोजीची बायको मालन गेली. मूलबाळ नव्हतं. घरी जाऊन करायचं काय, म्हणून तो मेजापाशी रेंगाळू लागला. दिवा बोटभर इकडे, अत्तरदाणी बोटभर तिकडे. मग चार पावलं मागं जाऊन बघायचं.

चौकीदार फत्तेसिंग दारातून हाक मारी, “भिया, अब तो इनी मेज से ई ब्याव करी लो!”

“विचारलं रे,” गणोजी म्हणे. “मेज म्हणतंय, नवरा म्हातारा आहे.”

फत्तेसिंग हसत निघून जाई. गणोजी पुन्हा चार पावलं मागं जाई.

एकोणीसशे सहाच्या हिवाळ्यात देवासहून नीलकंठराव आले. धारच्या मराठी शाळेची परीक्षा घ्यायला ते तेव्हापासून दर साल येऊ लागले. मुक्काम दोन रात्रींचा. कॉलेजात शिकलेले, कोट घालणारे, म्हणून पहिल्या साली चिठ्ठी आली ‘साहेबी’. गणोजीनं मेज तसं लावलं.

दुसऱ्या सकाळी नीलकंठराव शाळेत गेल्यावर तो खोली आवरायला आला आणि थबकला. घड्याळ एका कडेला सारलेलं होतं. तोंड भिंतीकडे. एक फुलदाणी खिडकीत.

आजवर इतके पाहुणे आले नि गेले. मेजाला उलट काही सांगणारा हा पहिलाच. आपण मांडलं आणि समोरच्यानं ते पाहिलं, त्यावर विचार केला, आणि नको ते बाजूला ठेवलं. गणोजी कितीतरी वेळ तिथं उभा राहिला. मालन गेल्यापासून त्याला असं कोणी काही म्हणालं नव्हतं.

पुढल्या साली त्यानं घड्याळ ठेवलंच नाही. चिठ्ठीत काही का असेना. ‘साधं’ मेज लावलं. तबकडीत शेवंती. सकाळी तबकडी खिडकीत होती, आणि मेजाच्या डाव्या कोपऱ्यात एकच शेवंती. त्याला वाटलं, एकच पुरे म्हणतात. तिसऱ्या साली त्यानं एकच फूल मधोमध ठेवलं. ते उजव्या कडेला गेलं. चौथ्या साली त्यानं आधीच ते उजवीकडे ठेवलं. या वेळी दौत हलली. पाचव्या साली दौत नव्हती.

वर्षभर तो या दोन सकाळींची वाट बघे. गावात कोणाशी फारसं बोलणं उरलं नव्हतं. पण देवासला एक माणूस आहे, आपला हात ओळखणारा, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तेवढ्यावर त्याचं चाललं होतं.

सहाव्या साली आचारी खंडोजी म्हणाला, “तुझ्या देवासकरांची ही शेवटची फेरी बरं का. पेन्शनीत निघालेत. लेकाकडे नागपूरला जाणार.”

गणोजीनं त्या दिवशी मेज लावलं आणि मागच्या दारानं गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघायच्या आधीच तो आला. बाहेरूनच दिसलं, फूल आणि तांब्या दोन्ही खिडकीत होते. परीक्षक शाळेला निघाले तसा तो ओसरीत जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

“कोण रे?” नीलकंठरावांनी चष्मा सावरला.

“फर्रास, सरकार. गणोजी. मेज मीच लावतो.”

“बरं. मग?”

“यंदाचं... कसं वाटलं, एवढंच विचारायचं होतं.”

“कुठलं मेज?”

गणोजीनं आत बोट दाखवलं. नीलकंठराव वळून बघू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं.

“हां, ते होय! त्यावर मी पागोटं ठेवतो. खुंटीला अडकवलं की घडी बिघडते.”

“आणि घड्याळ? पहिल्या साली भिंतीकडे...”

“टिकटिकीनं झोप येत नाही मला. फुलं-बिलं सारली असतील मी, पागोट्याला पाणी लागू नये म्हणून.” मग ते जरा काळजीनं म्हणाले, “का रे, काही फुटलं का माझ्या हातून?”

“नाही सरकार. काही नाही फुटलं.”

“मग झालं,” असं म्हणून ते टांग्यात बसले.

गणोजी आत आला. त्यानं खिडकीतलं फूल उचललं, तांब्या उचलला. मेजावरचं सगळं काढलं. ओल्या फडक्यानं फळी पुसली, मग कोरड्यानं. मऊ जुन्या मलमलीची एक चुंबळ वळली, डोक्याच्या मापाची, आणि आरशासमोर मधोमध ठेवली. चार पावलं मागं गेला. पुढं येऊन ती बोटभर भिंतीकडे सरकवली. आता बरोबर होतं. संध्याकाळी टांगा फाटकात शिरला तेव्हा तो मागच्या दारानं निघून गेला.

तिसऱ्या दिवशी उजाडताच परीक्षक देवासला गेले. गणोजी खोली आवरायला आला. चुंबळीवर पागोट्याचा गोल खळगा पडला होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच मेजावरचं काहीही हललेलं नव्हतं.

तो तिथं उभा राहिला. वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

फत्तेसिंग दारात आला. खासगीकडची नवी चिठ्ठी त्याच्या हातात होती. गणोजीकडे बघून त्यानं आज थट्टा केली नाही. चिठ्ठी मेजावर ठेवून तो निघून गेला.