घोंगडीवर वाळवलेलं बियाणं

“विहीणबाई, हे काय हाय?” आप्पांनी तळहात माझ्या नाकाखाली धरला. माझ्या बियाण्याच्या गव्हात त्यांना चिकटा गवताचं बी सापडलं होतं. एखादं नाही, चांगली चिमूटभर!

आप्पा म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. कासुर्डीहून खास माझं बियाणं न्यायला वडगाव रासाईला आले होते. (व्याह्यांपुढं कापलेलं नाक थेट लेकीच्या सासरी जाऊन पडतं!) त्यात हे बी एकदा रानात उतरलं, की वर्षानुवर्षं खुरपत बसा.

बियाण्याचा गहू द्यावा तर मीच, हे सगळं गाव सांगेल. रानातलं तण मी फुलावर यायच्या आत उपटते. मळणीचं मशीन झाडून घेतल्याशिवाय रानात येऊ देत नाही. मशीनवाला मला लांबून बघूनच वाट बदलतो.

“तूच नीट चाळलं नसशील,” मी सुनेवर घसरले.

“आत्या, चाळणीला मला हात तरी लावू देता व्हय?”

“मंग मशीनवाल्यानं घाण केली!”

“त्याला किती झाडाय लावलं तुम्ही! रडायला आलता त्यो.”

आप्पा मिशीत हसत होते. “आन् खाली काय आथरलंय?”

घोंगडी! आम्ही मूळचे मेंढरंवाले. मेंढरं गेली, पण आमचं बियाणं शेवटचं ऊन खातं ते घोंगडीवरच. ताडपत्रीवर वाळवणाऱ्यांना मी हसते.

सुनेनं घोंगडीचं टोक उचललं. लोकरीत चिकटा नुसता गच्च!

“आत्या, परवा हीच घेऊन बांधावर बसला व्हता ना?”

बसले होते. शेजाऱ्याच्या बांधावर चिकटा माजला होता. तो उपटेपर्यंत हलणार नाही, असं ठणकावून मी दुपारभर तिथं घोंगडी अंथरून बसले. निम्मा चिकटा त्यानं उपटला, निम्मा मी घरी आणला!

“आता न्हाई नेत म्हणा की,” मी आप्पांना म्हणाले.

“नेणार! पर निवडून. माझ्या रानात तुमची घोंगडी उगवाय नको.”

ताटं घेऊन बसलो. दाणा न् दाणा पाहिला. तो गहू कासुर्डीत उगवला, आणि त्या रानात चिकट्याचं एक पातं शोधून दाखवावं कुणीही!

निवडायला आम्ही तिघं होतो. आप्पांना चष्मा होता, सुनेला डोळे होते. मला तोंड होतं, ते मी दिवेलागणीपर्यंत चालवलं.