अमेरिकेला न जाण्याची गोष्ट

इराकवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा माझी अमेरिकेला जायची तयारी झाली होती. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. आष्टीच्या आठवडी बाजारातल्या विक्रेत्या बायकांवरचा माझा निबंध तिकडच्या एका परिषदेत स्वीकारला गेला होता. व्हिसा मिळाला होता आणि सासूबाईंनी आमच्या अख्ख्या बोरगाव मेघेत बातमी पोचवली होती.

टीव्हीवर बगदाद जळताना पाहिलं आणि जेवताना मी जाहीर केलं, "मी जाणार नाही. बहिष्कार."

नवऱ्याचं कापडाचं दुकान. भाव सांगावा तशा थंडपणे तो म्हणाला, "बरं. पन त्यायच्या राष्ट्रपतीले कोन कळवन? तू का मी?"

मला हसू आलं आणि रागही आला. मग तोच गंभीर होऊन म्हणाला, "प्रोफेसर लोकायनं थोडीच बॉम्ब टाकले? तिथं जाऊन बोल ना."

त्याचंही खरं होतं. शिवाय विमानात बसायची हौस होतीच. शेवटी भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंना विचारलं.

"माह्या भावानं भांडन केलतं," त्या म्हणाल्या, "तवा मी त्याच्या पोरीच्या लग्नाले गेली नाई. पंगत लय झकास झाली म्हने."

"मग चुकलं का, आई?"

"चुकलं काऊन? पन अजून वाईट वाटते."

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला पटलं. नकाराचा ईमेल पाठवला. उलट टपाली उत्तर आलं: आम्हीही रस्त्यावर उतरलो आहोत, तुमचा निबंध आम्ही वाचून दाखवू. इतक्या सज्जन माणसांवर आपण बहिष्कार टाकला, या विचाराने मी ते उत्तर दिवसभरात चारदा उघडून वाचलं.

पुढे कॉलनीतल्या मंडळाने माझा सत्कार केला. अध्यक्ष जोशात म्हणाले, "मॅडमनी अमेरिकेत जाऊन, भर सभेतून उठून, त्यांच्या तोंडावर बहिष्कार टाकला!"

मी घाईने माइक घेतला. "मी गेलेच नाही हो. विमान आतून कसं दिसतं तेही मला ठाऊक नाही."

टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेत सासूबाई, गावभर पोचवलेली बातमी सांभाळत, शेजारणीला सांगत होत्या, "पाह्यलं? किती साधी हाये! गेलती, पन सांगत नाई."