पेज शिजेपर्यंत

पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि त्यानंतर माझ्या छातीत धडधड सुरू झाली. पळी पडली तरी काळीज उडायचं. घरधनी मुंबईला नोकरीत, घरात मी आणि सासू. सासू मला कट्टा गावच्या वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी काढा दिला आणि वर सांगितलं, "रोज सकाळी एका जागी डोळे मिटून बस. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढंच बघ."

सासू वाटेत म्हणाली, "श्वास काय बघूचो? तो काय पळान जाता?"

तरी तिने मला मुभा दिली. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून तिनेच माप ठरवलं. तिने चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवली की मी बसायचं, पेज उतरली की उठायचं. जागा मिळाली मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत. तिथे पावसाळ्यासाठी रचलेल्या लाकडांना पाठ टेकून मी बसायची. शेजारी टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिला माझं येणं अजिबात आवडलं नाही. मी डोळे मिटले की ती घशातल्या घशात कुरकुरायची. माझं लक्ष श्वासावर कमी आणि तिच्या चोचीवर जास्त.

चैत्राचे दिवस. लाकडं अशी कडक सुकलेली, की पेज भराभर शिजायची. जरा कुठे छाती हलकी वाटायला लागली की घरातून सासूची हाक यायची, "झाली गो पेज!"

तरी मला गुण येत होता. रात्री झोप लागू लागली होती. त्या वेळी मला दुसरं काहीच नको होतं, फक्त ती सकाळची बैठक कोणी मोडू नये एवढंच वाटायचं.

ती मोडली शेजारच्या काकीने. तिचा कोयता हरवला होता. शोधत शोधत ती मांगराच्या दाराशी आली आणि मला पाहून थबकली. सासुरवाशीण दिवसाउजेडी डोळे मिटून गप्प बसलेली तिने कधी पाहिली नव्हती. अंगात आलंय अशी तिची खात्रीच झाली. तिने हात जोडले. "आये, माझो कोयतो खंय गेलो, सांग गो माये!"

चारचौघांत स्वतःचं नाव सांगायचं तरी मला घाम फुटायचा, तिथे देवी म्हणून काय बोलणार? मी डोळे आणखी घट्ट मिटले. काकीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. कोंबडी बिथरली आणि तिने माझ्या कोपराला कडकडून चोच मारली. माझा हात झटकन व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या दिशेने गेला.

कोयता व्हाळावरच होता. आदल्या दिवशी काकी तिथेच गवत कापत होती, दुसरीकडे तो जाणार कुठे! पण सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी काकी आणखी दोघींना आणि एक नारळ घेऊन आली. तिने रीतसर गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा…" आणि मागून दोघी, "व्हय म्हाराजा!" कोंबडी पंख फुलवून उभी राहिली. माझी छाती पुन्हा धडधडू लागली.

गलका ऐकून सासू हातात पळी घेऊन धावत आली.

"काय चल्लाहा हयसर? माझी सून देवी नाय!"

"मगे डोळे मिटून कित्याक बसता?" काकी म्हणाली.

रागाच्या भरात सासू बोलून गेली, "माका काय म्हायत! ती कोंबी बसली तर पिलां तरी काढतली. ह्यां बसान काय काढतलां?"

आपण काय बोललो ते सासूला कळलं. ती पळीकडे बघत राहिली. काकीने नारळ उचलला आणि तिघी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी मांगराकडे फिरकले नाही, केरसुणी घेऊन अंगणातलं खळं झाडत बसले. सासूने टोप चुलीवर ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पेज ठेवलंय. जा."

"नको."

"वैद्य तुझ्या सासयेक गाळी घालतलो. जा गो."

गेले. बसले. श्वास आत आला, बाहेर गेला. कोंबडी कुरकुरून दमली आणि गप्प झाली. ऊन दारातून माझ्या पायापर्यंत आलं, तरी हाक नाही. एवढा वेळ मी कधीच बसले नव्हते. मध्येच घरात काहीतरी खणकन पडलं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की काळीज उडालं नव्हतं.

शेवटी मीच उठून आत गेले. स्वयंपाकघर धुराने भरलेलं. सासू चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. लाकडांतून फसफस पाणी येत होतं आणि पेजेला अजून उकळीसुद्धा फुटली नव्हती.

"लाकडां ओली आसत," ती म्हणाली.

इतके दिवस त्याच कडक सुकलेल्या लाकडांना पाठ टेकून मी बसत होते. चुलीशेजारी कळशी रिकामी पडली होती, तिच्याखाली जमीन भिजलेली.

"पुरे झालां?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं, आणि परत मांगरात जाऊन बसले.

त्या दिवशी आम्ही दोघी पेज दुपारी जेवलो. पेजेला धुराचा वास येत होता.